विश्वासाची हद्दपारी आणि खासगीपणाचा प्रश्न : बिटकॉइनच्या मूळ निबंधाचे एक वाचन

प्रास्ताविक

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीने, अथवा व्यक्तिसमूहाने, कूटलेखनशास्त्राच्या अभ्यासकांपुढे नऊ पानांचा एक निबंध ठेवला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील बलाढ्य वित्तसंस्था कोसळून त्या वेळी जेमतेम दीड महिना लोटला होता. बिटकॉइनची संकल्पना मांडणारा हा निबंध संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि विधी या विद्याशाखांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. भाषा व साहित्याच्या शिक्षकाने त्याच्या वाटेस जावे की नाही, असा प्रश्न आमच्या शिक्षककक्षातही उपस्थित झाला होता. परंतु ज्या संहितेवर एका समूहाची श्रद्धा उभी आहे, जिच्यातील विधाने त्या समूहातील वाद मिटविण्यासाठी पोथीतील दाखल्यांसारखी पुढे केली जातात, ती संहिता समीक्षेच्या कक्षेबाहेर कशी राहील?

परिभाषेविषयी एक खुलासा आरंभीच करणे इष्ट ठरेल. मराठी वृत्तपत्रांतून या चलनासाठी 'आभासी चलन' आणि 'कूटचलन' असे दोन शब्द वापरले जातात. पहिला शब्द निवाडा देऊन मोकळा होतो. दुसऱ्यात कोडे आणि कपट अशा दोन्ही छटा असल्यामुळे तो प्रश्न खुला ठेवतो. म्हणून येथे 'कूटचलन' हाच शब्द स्वीकारला आहे.

प्रस्तुत लेखात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. नाकामोतोच्या निबंधाने विश्वास ही व्यवहारातील उणीव मानली आणि ती दूर करण्याचा चंग बांधला. मात्र सामान्य माणसाचा आर्थिक खासगीपणा ज्या भिंतीआड नांदत होता ती भिंत विश्वासाचीच होती. भिंत पाडल्यावर निबंधाने माणसाच्या हाती एक मुखवटा दिला. तो पुरेसा नाही हे ध्यानात आल्यावर कूटचलनाच्या समूहाने विश्वास पुन्हा आणला, पण आणला तो अशा ठिकाणी, जेथे त्यावर देखरेख ठेवणारे फारसे कोणी नव्हते.

संहितेतील 'विश्वास' आणि 'प्रामाणिक'

निबंधाचा आरंभच तक्रारीने होतो. इंटरनेटवरील व्यापार जवळजवळ सर्वस्वी विश्वासू त्रयस्थांवर, म्हणजे वित्तसंस्थांवर, अवलंबून आहे आणि विश्वासावर आधारलेल्या व्यवस्थेचे अंगभूत दोष त्यात उतरले आहेत, अशी ती तक्रार आहे. यापुढचे निरीक्षण फार मार्मिक आहे. झालेला व्यवहार मागे फिरविता येतो, म्हणून विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल साशंक राहावे लागते आणि साशंक विक्रेता गरजेपेक्षा अधिक माहिती मागत सुटतो. विश्वासाची गरज वाढली की खासगीपणा आटतो, असा हा कार्यकारणभाव आहे. निबंधातील हे सर्वांत सशक्त स्थळ होय, असे मला वाटते. दुर्दैवाने ते दोन-तीन वाक्यांतच आटोपते आणि लेखक तंत्राकडे वळतो.

इंग्रजीतील 'ट्रस्ट' हा एकच शब्द निबंधभर काम करतो. मराठीत हा निबंध आणावयाचा झाल्यास अनुवादकाची पंचाईत होईल. विश्वास, भरवसा, खात्री, इमान आणि पत हे पाचही शब्द आपल्याकडे निरनिराळे काम करतात. भरवसा माणसावर ठेवायचा असतो, तर खात्री वस्तूची किंवा घटनेची पटते. पत मात्र चारचौघांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे कमवावी लागते आणि ती नावाला चिकटलेली असते. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात ओळख असलेल्या प्रतिष्ठित पेढीवाल्यालाच अदा होत, यामागे हेच तत्त्व होते. नाकामोतोला भरवशाच्या जागी गणिती खात्री आणावयाची आहे. पतीचा त्याच्या विचारात कोठेच मागमूस नाही, कारण पतीला नाव लागते आणि त्याच्या व्यवस्थेत नावाला थारा नाही.

'विश्वास' हा शब्द निबंध संशयाने वापरतो, तर 'प्रामाणिक' हा शब्द निःसंकोचपणे. संगणकशक्तीचा बहुतांश भाग प्रामाणिक सहभागींच्या हाती असेल तोवर व्यवस्था सुरक्षित राहील, या गृहीतकावर सारा डोलारा उभा आहे. हे सहभागी प्रामाणिक का राहावेत? निबंधाचे उत्तर असे की, हल्ला करण्यापेक्षा नियम पाळण्यात लोभी माणसालाही अधिक लाभ होईल. येथे प्रामाणिकपणाचा अर्थच पालटला आहे. तो सद्गुण उरत नाही, हिशेब होतो. अर्थात ही टीका म्हणून मांडण्याची घाई करू नये. माणसाच्या चांगुलपणावर कमीत कमी विसंबणारी व्यवस्था रचणे हा राज्यघटनाकारांचाही मार्ग राहिला आहे. आक्षेप इतकाच की, समारोपात लेखक विश्वासावर न विसंबणारी व्यवस्था मांडल्याचे जाहीर करतो. त्याने प्रत्यक्षात विश्वासाचे स्थान हलविले आहे. बँकेवरील भरवसा काढून तो बहुसंख्यांच्या स्वार्थावर ठेवला आहे.

रोजकीर्द आणि खतावणी

निबंधाचे दहावे प्रकरण खासगीपणाविषयी आहे. दोन परिच्छेद आणि एक आकृती एवढाच त्याचा विस्तार. हा तोकडेपणा बोलका आहे. लेखक म्हणतो ते थोडक्यात असे : बँकेच्या पारंपरिक पद्धतीत व्यवहाराची माहिती संबंधित पक्ष आणि विश्वासू त्रयस्थ यांच्यापुरती मर्यादित राहते आणि त्यातून खासगीपणा साधतो. नव्या पद्धतीत प्रत्येक व्यवहार जाहीर करावा लागतो, त्यामुळे तो मार्ग बंद होतो. म्हणून साखळी दुसरीकडे तोडायची. व्यवहार सर्वांना दिसतील, पण ते कोणाचे हे दिसणार नाही. प्रत्येक व्यवहारासाठी नवी किल्ली वापरावी, असा सल्लाही तो देतो आणि काही प्रसंगी एकाच मालकाच्या अनेक किल्ल्यांचा संबंध उघड होणे अटळ आहे, अशी कबुलीही देतो. या कबुलीबद्दल लेखकाला गुण द्यावे लागतील. त्याच्या अनुयायांनी ती क्वचितच उद्धृत केली.

निबंधाच्या शीर्षकात 'रोकड' या अर्थाचा शब्द आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. भाजीबाजारात हातची नोट दुसऱ्याच्या हाती गेली की तो व्यवहार कोठेही लिहिला जात नाही. रोकडीला स्मरणशक्ती नसते. बिटकॉइनला मात्र स्मरणशक्तीवाचून दुसरे काहीच नाही. ३ जानेवारी २००९ रोजी रचल्या गेलेल्या पहिल्या ठोकळ्यापासूनची एकूण एक देवघेव त्यात नोंदलेली असून ती कोणालाही पाहता येते. मग ही रोकड कशी?

ब्लॉकचेनला सर्रास 'सार्वजनिक खतावणी' असे म्हटले जाते. वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांना यातील चूक चटकन कळेल. खतावणीत नोंदी खातेदारांच्या नावे लावलेल्या असतात. तारीखवार, क्रमाने, खाते न पाडता लिहिली जाते ती रोजकीर्द. नाकामोतोने जगापुढे उघडी ठेवली ती रोजकीर्द होती. तीवरून कोणी खतावणी घालू शकणार नाही, हा त्याचा भरवसा होता. (होय, येथे भरवसा हाच शब्द योग्य.) २०१३ साली सारा मायकलजॉन व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील तिच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हा भरवसा खोटा ठरविला. एकाच व्यवहारात एकत्र आलेल्या किल्ल्या एका मालकाच्या असणार, सुटे पैसे परत ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता पैसे देणाऱ्याचाच असणार, अशा साध्या तर्कांच्या आधारे त्यांनी असंख्य पत्ते गटांत बांधले. मग स्वतः छोटे व्यवहार करून कोणता गट कोणत्या सेवेचा हे ओळखून काढले. म्हणजे रोजकीर्दीवरून खतावणी घातली.

याचा लाभ तपास यंत्रणांना झाला. 'सिल्क रोड' ही अमली पदार्थांची बाजारपेठ २०१३ मध्ये बंद पाडण्यात आली. तिच्या तपासात गुंतलेल्या दोन केंद्रीय अधिकाऱ्यांनीच बिटकॉइन लांबविल्याचे पुढे उघडकीस आले आणि २०१५ मध्ये दोघांनाही कारावासाची शिक्षा झाली. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये १ लाख १९ हजारांहून अधिक बिटकॉइन चोरीस गेले होते. त्यांपैकी ९४ हजारांवर बिटकॉइन अमेरिकी न्याय विभागाने २०२२ मध्ये जप्त केले. चोर सापडला याचे दुःख कोणी करण्याचे कारण नाही. परंतु ज्या उजेडात चोर दिसतो त्याच उजेडात औषधाचे पैसे देणारा रुग्णही दिसतो. स्वतः नाकामोतोच्या मालकीचे म्हणून समजले जाणारे सुमारे दहा लाख बिटकॉइन आजवर जागचे हललेले नाहीत. असंख्य लोक त्या पत्त्यांवर पहारा देत आहेत. मालकाचा खासगीपणा टिकला आहे तो पैसे खर्च न केल्यामुळे!

पूर्वसूरी

कूटचलनाचा समूह आपली वंशावळ डेव्हिड चॉम आणि सायफरपंक चळवळीपर्यंत नेतो. ती तपासून पाहणे उद्बोधक ठरते. १९८२ मध्ये चॉमने 'आंधळ्या सही'ची कल्पना मांडली. कार्बन कागद लावलेल्या बंद पाकिटावर बँकेने सही करावी आणि ती आतील कागदावर उमटावी, असा त्याचा दृष्टांत होता. नाणे खरे आहे याची बँक ग्वाही देते, पण ते कोणी कोठे खर्च केले हे तिला कळत नाही. चॉमने बँक ठेवली आणि तिची नजर तेवढी काढून घेतली. नाकामोतोने नेमके उलट केले. त्याने बँक काढली आणि नजर सर्वांना वाटून दिली. या दोघांना एकाच परंपरेत बसविताना हा व्युत्क्रम विसरला जातो. चॉमची डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यामुळे त्याच्या पर्यायाचा पुरता कस लागलाच नाही, हेही खरे.

एरिक ह्यूजने मार्च १९९३ मध्ये लिहिलेल्या सायफरपंक जाहीरनाम्यात खासगी आणि गुप्त यांत भेद केला आहे. जे साऱ्या जगाला कळू नये ते खासगी, जे कोणालाच कळू नये ते गुप्त, असा त्याचा आशय. स्वतःचे काय, कोणापुढे उघड करावयाचे हे ठरविण्याचे सामर्थ्य म्हणजे खासगीपणा, ही त्याची व्याख्या आजही निर्दोष वाटते. मात्र या व्याख्येतच 'कोणापुढे' हा शब्द आहे. ज्याच्यापुढे उघड करावयाचे तो ते पोटात ठेवील, एवढा विश्वास असल्याशिवाय खासगीपणा शक्यच नाही. आमच्या महाविद्यालयीन सेवकांच्या पतसंस्थेतील लेखनिकाला कोणी कोणत्या कारणासाठी कर्ज काढले हे ठाऊक असते. तो बोलत नाही. त्याचे न बोलणे हीच आम्हा सर्वांची अब्रू आहे.

बँकेचे हे मौन केवळ सौजन्यापोटी नाही. ते कायद्याने हळूहळू घडविलेले आहे. इंग्लंडमध्ये १९२४ च्या टूर्निए खटल्यात ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हे बँकेचे कर्तव्य ठरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मिलर खटल्यात वेगळी वाट धरली आणि बँकेकडे गेलेल्या नोंदींवर ग्राहकाला खासगीपणाचा घटनात्मक दावा सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँक खटल्यात मात्र कागद बँकेच्या हाती गेला म्हणून त्यातील खासगीपणा संपत नाही, अशी भूमिका घेतली. सायफरपंकांचा बँकांवरील राग मिलरच्या देशात जन्मला, ही गोष्ट आपल्याकडील कूटचलनाचे समर्थक सहसा लक्षात घेत नाहीत. त्या रागाला सबळ कारणेही होती. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी विकिलीक्सकडे जाणाऱ्या देणग्या रोखल्या, तेव्हा तसा कोणताही न्यायालयीन निवाडा झालेला नव्हता. पुढील वर्षी विकिलीक्सने बिटकॉइन स्वीकारण्यास प्रारंभ केला. त्रयस्थाच्या हाती किती सत्ता एकवटते याचा हा धडा होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

हद्दपार विश्वासाचे पुनरागमन

किल्ल्या स्वतः सांभाळणे सामान्य माणसाला जमेना. हरवलेली किल्ली परत मिळवून देणारे कार्यालय नव्हते. म्हणून एक्स्चेंज आली, आणि ज्या समूहाने बँकेवरील विश्वास धिक्कारला त्याने या नव्या, बहुधा अनोळखी पेढ्यांवर तो डोळे झाकून टाकला. टोकियोतील माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे सांगण्यात आले. त्यांतील दोनेक लाख नंतर सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळली. ग्राहकांचा पैसा परस्पर वापरल्याबद्दल तिच्या संस्थापकाला २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. या कथा सर्वश्रुत आहेत, त्यांचा विस्तार नको.

कमी बोलली जाणारी बाब खासगीपणाची आहे. एक्स्चेंजकडे ओळखपत्र, छायाचित्र, घरचा पत्ता द्यावा लागतो. म्हणजे बँकेला दिली जाणारी सर्व माहिती येथेही द्यायची, आणि शिवाय उघडी रोजकीर्द आहेच. बँकेकडून पत्ता फुटला तर चोराला पत्ता कळतो. येथे तो पत्ता किल्लीशी जोडता आला की घरात किती धन आहे आणि ते कोठून आले याचा सारा इतिहास कळतो. किल्ल्या सांभाळण्याची उपकरणे विकणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीची (नावाचा अर्थ खतावणी!) ग्राहकयादी २०२० मध्ये चोरांच्या हाती लागली आणि सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, टपालाचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक उघड झाले. चलन सुरक्षित राहिले, माणसे उघडी पडली. जानेवारी २०२५ मध्ये याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाचे फ्रान्समध्ये अपहरण होऊन खंडणीसाठी त्याचे बोट कापण्यात आले. या दोन घटनांत थेट संबंध आहे असे मला सुचवावयाचे नाही. आर्थिक खासगीपणा ही केवळ करबुडव्यांची मागणी आहे असे मानणाऱ्यांनी मात्र दुसरी घटना स्मरणात ठेवावी.

ज्यांना हा दोष दिसला त्यांनी अधिक कडेकोट चलने रचली. २०१४ मध्ये मोनेरो आले, २०१६ मध्ये झीकॅश. झीकॅशची जन्मकथा तर समीक्षकासाठी मेजवानीच आहे. व्यवहार झाकूनही त्याची सत्यता सिद्ध करणाऱ्या या चलनाच्या उभारणीसाठी आरंभी एक गणिती रहस्य निर्माण करावे लागले. ते कोणाच्या हाती पूर्ण राहिले असते तर त्याला खोटी नाणी पाडता आली असती आणि ती ओळखूही आली नसती. म्हणून निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या सहा व्यक्तींनी त्या रहस्याचा एकेक तुकडा तयार करून नष्ट केला. एकानेही आपला तुकडा खरोखर नष्ट केला असेल तर चलन सुरक्षित. जगाने या सहांवर विश्वास ठेवावयाचा होता. त्यांपैकी टोपणनावाने सहभागी झालेली एक व्यक्ती एडवर्ड स्नोडेन होती, हे २०२२ मध्ये जाहीर झाले. विश्वासाला पर्याय शोधावयास निघालेली मंडळी अखेर एका विधीपाशी आणि विधी पार पाडणाऱ्या विश्वासू माणसांपाशी येऊन थांबली होती. त्याच वर्षी झालेल्या सुधारणेने झीकॅशच्या नव्या व्यवहारांपुरती ही गरज दूर केली, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

टॉर्नेडो कॅश या मिक्सरचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. अनेकांचे पैसे एकत्र मिसळून कोणाचे कोठे गेले हे कळेनासे करणारी ही प्रणाली. उत्तर कोरियाच्या हस्तकांनी तिच्यातून चोरीचा पैसा धुतला, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. इथेरियमचा जनक व्हिटालिक ब्युटेरिन याने त्याच वेळी जाहीरपणे सांगितले की, युक्रेनला देणगी देताना आपणही ती वापरली होती. देणगी घेणाऱ्याचे रक्षण हा त्यामागील हेतू. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अशी स्वयंचलित संहिता ही कोणाची 'मालमत्ता' ठरत नाही असा निर्णय दिला. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कमधील ज्यूरीने प्रणालीच्या एका निर्मात्याला विनापरवाना पैसे पोहोचविण्याच्या कटाबद्दल दोषी धरले. अन्य दोन आरोपांवर ज्यूरीचे एकमत झाले नाही. न्यायालयांची ही चाचपड मला प्रामाणिक वाटते. बँकेच्या बाबतीत मौन कोणी पाळावे आणि ते कोणाच्या आदेशाने मोडावे हे ठरविता येते. येथे मौन पाळणारा कोणी माणूसच नाही. ज्याला विचारावे असाही कोणी नाही आणि ज्याच्यावर रागवावे असाही नाही.

पुण्यातील एक प्रकरण

या विषयाचा आपल्या परिसराशी असलेला एक संबंध उल्लेखनीय आहे. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या 'गेनबिटकॉइन' या योजनेविरुद्ध पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये तपास केला. आरोपींच्या डिजिटल पाकिटांतील चलन शोधून ताब्यात घेण्यासाठी दोन खासगी तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. तपासाच्या वेळी पाकिटांतील काही कूटचलन त्यांनी परस्पर आपल्याकडे वळविले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय आहे. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या प्रकरणाची रचना.

रोजकीर्द सर्वांसाठी उघडी आहे हे नाकामोतोचे विधान येथेही शब्दशः खरे आहे. परंतु उघडी असणे आणि वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत. गुंतवणूकदाराला ती वाचता येत नव्हती, म्हणून त्याने योजना चालविणाऱ्यावर विश्वास टाकला. फसवणूक झाल्यावर तो पोलिसांकडे गेला. पोलिसांनाही ती पुरती वाचता येईना, म्हणून त्यांनी तज्ज्ञ आणले. पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे आणि ते वाचणाऱ्यावरच शेतकऱ्याला विसंबावे लागे. निदान कुलकर्ण्याचे घर गावाला माहीत होते. पुण्याच्या प्रकरणातील चलन कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर गेले याच्या नोंदी आजही जगातील हजारो संगणकांवर जशाच्या तशा उपलब्ध आहेत. निवृत्तीची पुंजी त्या योजनेत घालणाऱ्या माणसाला त्यांतील आपली ओळ कोणती, हे सांगण्यासाठी आणखी एक तज्ज्ञ लागेल.